पत्रिकेची मागची बाजू

वही उघडण्याआधी दस्तगीरभाईंनी दोनदा हात धुतले. एकदा साबण लावून, आणि दुसऱ्यांदा नुसत्या पाण्यानं, कारण मधल्या वेळात त्यांनी उठून पुढच्या दाराला कडी घातली होती.

“कडी कशाला?” मी विचारलं.

“वाऱ्यानं कागद उडतात, मॅडम.”

फेब्रुवारीतली दुपार होती आणि झाडाचं पान हलत नव्हतं. पुण्याहून दोन एस.टी. बदलून मी हिरणपेठेला पोचले होते, आणि जिच्यासाठी आले ती वस्तू समोर चटईवर होती. एरवी मला गप्प बसवणं कठीण, पण अशा वेळी मी अगदी शहाण्यासारखी वागते.

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णवची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि एका छोट्या इतिहास-संस्थेत संग्रह सांभाळायचे. बाकीच्या विभागांत ताम्रपट होते, मोडी दफ्तरं होती. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत. माझ्या कपाटांत दंग्यांच्या आधी वाटलेली पत्रकं होती, रातोरात भिंतींवर लागलेली पोस्टरं होती, कुठल्या कुठल्या सेनांच्या आणि मंडळांच्या चोपड्या होत्या. कोणा एका बाजूच्या नव्हेत. ज्यानं म्हणून दुसऱ्याला हाणा-मारा असं छापून वाटलं, त्याचा कागद आमच्याकडे यायचा. संस्थेतले लोक आम्हाला ‘जहर खातं’ म्हणत. आमचा शिपाई ती कपाटं झाडायचा तेसुद्धा तोंड दुसरीकडे करून.

हे खातं आजगावकर सरांनी सुरू केलं होतं. ते म्हणत, दंगल झाली की लोक घरं पुन्हा बांधतात, दुकानं उघडतात आणि कागद जाळून टाकतात. मग तीस वर्षांनी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, असं काही झालंच नव्हतं. त्यांचे नियम कडक होते. शिसपेन्सिलीखेरीज काही वापरायचं नाही. कुठलाही कागद कापायचा नाही. आणि देणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय काही दाखल करून घ्यायचं नाही. देणाऱ्याला अडचण असेल तर नाव पाकिटात बंद करून ठेवायचं, पण लिहायचंच. निनावी कागदाला ते अफवा म्हणत.

हिरणपेठेचा दंगा एकोणसत्तर सालचा. शनिवारच्या बाजारात एक पत्रक वाटलं गेलं आणि दुपारी बाजारपेठेला आग लागली, एवढं चौकशीच्या कागदांत होतं. पत्रक मात्र कोणाच्या हाती लागलं नव्हतं. ते रणभेरी मंडळानं काढलं असं काही लोक म्हणत, आणि मंडळाची माणसं, जी पुढे गावात मोठी झाली, ती म्हणत की असलं पत्रक निघालंच नाही. चार वर्षं मी त्याच्या मागावर होते. जुन्या छापखान्यांना पत्रं धाडली. हिरणपेठेत छापखाना चालवणाऱ्या नागोजकरांच्या मुलानं कळवलं की वडील वारले, छापखाना भंगारात गेला, अक्षरं जुळवायला होता त्या आमच्या जुन्या कंपॉझिटरला विचारून पाहा. कंपॉझिटरचं कार्ड आठवड्याच्या आत आलं. अक्षर छापल्यासारखं होतं. ‘वस्तू आहे. येऊन पाहावी. मंगळवारी यावे. मंगळवारी आमची मंडळी देवठाण्याच्या बाजाराला जाते.’

शेवटचं वाक्य मी वाचलं आणि त्याचा काही विचार केला नाही.

“ही नमुना वही,” दस्तगीरभाई म्हणाले. त्यांनी धडप्यातून एक जाड, फुगलेली वही काढली होती. “काम छापखान्यातून बाहेर पडण्याआधी त्याची एक प्रत हिच्यात चिकटवायची, वर नंबर आणि तारीख घालायची. लग्नपत्रिका असो, नाटकाचं हँडबिल असो, सोसायटीची नोटीस असो. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येतं आणि म्हणतं, मागच्यासारखंच करा. मागचं कुठून आणणार? छापखाना मोडला तेव्हा या वह्या रद्दीत चालल्या होत्या. मी घरी आणल्या.”

चोपन्न-पंचावन्नचे असतील ते. किडकिडीत, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर जुळवून त्यांचं बोलणंही मुद्रितं तपासून बाहेर पडल्यासारखं झालं होतं. त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर तळहात ठेवला. नंबर दोनशे बारा. गुलाबी कागदावरची लग्नपत्रिका होती. वर चांद-ताऱ्याचा ठोकळा, भोवती वेलबुट्टीची चौकट.

“ही तर लग्नपत्रिका आहे,” मी म्हणाले. आवाजात चिडचिड आली असणार.

“हेच आहे. पण आधी ऐका. मग उलटा.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“त्या शुक्रवारी दोन कामं होती,” त्यांनी सुरुवात केली. “सकाळी ही पत्रिका. बाजारपेठेत बाबूलाल मणेरांचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नाची. दुपारी जेवणानंतर तीन माणसं आली. तात्या नागोजकर त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. बाहेर आले तेव्हा तात्यांचा चेहरा उतरला होता. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, दस्तगीर, हे तूच जुळव. दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. खाली छापखान्याचं नाव घालायचं नाही.”

“तुम्हालाच का दिलं?”

“माझा हात चांगला होता.” मग चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. “आणि मी बाहेर बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. शाळांच्या परीक्षांचे पेपर आमच्याकडे छापायचे. सहा वर्षं ते मीच जुळवत होतो. माझा सख्खा धाकटा भाऊ गणितात नापास झाला, मॅडम, आणि तो पेपर मी जुळवला होता. आईनं दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. पण छापखान्यातला मजकूर छापखान्यातच राहतो, ही तात्यांची शिकवण. मला तिचा फार अभिमान होता.”

“पण हे पत्रक म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे.”

“नव्हे. तेवढं त्या दिवशी मला समजलं नाही. किंवा समजलं आणि भीती वाटली. तात्या वाईट नव्हते, भित्रे होते. मीही काही वाघ नव्हतो.” त्यांनी पत्रिकेची दुमडलेली कड सरळ केली. “खिळ्यावर अक्षर उलटं असतं. कंपॉझिटर वाचत नाही, अक्षरं उचलतो, असं मी लोकांना नेहमी सांगतो. पण ओळखीचं नाव आलं की हात थांबतो. मणेर हा शब्द मी सकाळी एकदा जुळवला होता. दुपारी पुन्हा जुळवला.”

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. दस्तगीरभाई ती लांब जाईपर्यंत थांबले.

“पहिला ठसा रद्दीवर काढतात, चुका बघायला. रद्दीत सकाळच्या पत्रिकांचे जादा कागद पडले होते, त्यातला एक घेतला. तात्यांनी तपासून दिलं. मग पाचशे प्रती काढल्या, त्या तिघांनी मोजून नेल्या आणि मी जुळवलेले खिळे सोडून खान्यांत टाकले. संध्याकाळी वहीत पत्रिकेचा नमुना लावायचा राहिला होता. ढिगातून एक उचलली, वरच्या कडेला खळ लावली आणि चिकटवली. मागं बघितलं नाही.”

“म्हणजे चुकून.”

“चुकून. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, पण मी ती काढली नाही. ते मात्र चुकून नव्हे.”

“एवढी घाई कसली होती?”

“पत्रिकांचा गठ्ठा मणेरांच्या दुकानावर पोचवायचा होता. दुकान बंद व्हायच्या आत.”

“कोणी पोचवायचा?”

“मीच.”

पुढचं त्यांनीच सांगितलं. शनिवारी सकाळी बाजारात पत्रकं वाटली गेली आणि दुपारी दुकान पेटलं. बाबूलालचाचा माल काढायला आत शिरले. जीव वाचला, हात गेले. दस्तगीरभाईंनी स्वतःची बोटं आत मुडपून दाखवली. “शेवटपर्यंत अशी राहिली. बांगड्या भरणाऱ्या माणसाचे हात, मॅडम.”

“आणि त्यांच्या मुलीचं लग्न?”

“मिरजेच्या लोकांनी स्थळ मोडलं. वर्षाच्या आत मी मागणी घातली.” ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. “आमची मंडळी म्हणजे त्यांचीच जैतुन. देवठाण्याला बांगड्यांचीच पाटी घेऊन गेलीय. तिला यातलं काही माहीत नाही. तीस वर्षं झाली.”

मंगळवार, कडी, दोनदा धुतलेले हात, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं.

“तुमच्याकडे नाव बंद पाकिटात ठेवता येतं असं तुम्ही पत्रात लिहिलं होतं,” ते म्हणाले. “माझं तसं ठेवा. आम्हा दोघांच्या माघारी उघडा. पण लिहून ठेवा. त्या कागदावर छापणाऱ्याचं नाव नाही. कुठंतरी ते असायला हवं.”

“ठेवीन,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि वही माझ्याकडे सरकवली.

मी पत्रिकेची खालची कड उचलली. खळ केव्हाच वाळून गेली होती, कागद अलगद हातात आला. मी तो उजेडाकडे धरला. मागच्या बाजूला काळ्या शाईत ते होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक अक्षर पुसट नाही. तो मजकूर मी इथे देत नाही. ज्याला अभ्यासासाठी हवा त्यानं संस्थेत यावं, सही करावी आणि वाचावा. एवढंच सांगते की त्यात बायकांनी कोणाकडून बांगड्या भरून घ्याव्यात आणि कोणाकडून नाही हे होतं, बाबूलाल मणेरांचं नाव होतं, आणि शनिवारी काय करायचं ते होतं.

आणि मला आनंद झाला. ते लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षं जे शोधलं ते हातात होतं, आणि ज्या माणसानं आत्ताच मला आपली बोटं मुडपून दाखवली होती त्याच्यासमोर बसून मी म्हणाले, “काय सुरेख राहिलंय!”

“काय सुरेख हाय?”

आवाज घराच्या मागच्या बाजूनं आला. परसदाराकडून. कडी पुढच्या दाराला होती. मागच्या दाराचा विचार आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

जैतुनबी उंबऱ्यात उभ्या होत्या, डोक्यावर बांगड्यांची पाटी. “देवठाण्याचा म्हातारा सरपंच वारला,” त्या पाटी उतरवत म्हणाल्या. “बाजारच उठला. पुढनं कडी का घातलीया तुमी? आनी ह्या बाई कोन?”

“पुण्याहून आल्यात,” दस्तगीरभाई म्हणाले. एवढंच.

मी कागद वाचायला परसदारातून येणाऱ्या उजेडाकडे धरला होता, म्हणजे पत्रक माझ्याकडे आणि पत्रिका दाराकडे. जैतुनबींची नजर त्या गुलाबी कागदावर गेली आणि तिथंच राहिली. त्या जवळ आल्या, खाली बसल्या. पदराला हात पुसून एक बोट त्यांनी वेलबुट्टीवर ठेवलं.

“ही माझी पत्रिका,” त्या म्हणाल्या. “ही कुठं घावली? समद्या जळाल्या व्हत्या. दोनशे. एक बी वाटली न्हवती.”

त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या, असं मला नंतर कळलं. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी आपलं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. मग हसल्या. “माझं नाव छापल्यालं म्या कदी बघितलंच न्हाई, बाई. आज बघते.”

मी दस्तगीरभाईंकडे पाहिलं. ते चटईचा एक धागा ओढत होते.

“ह्यांनी दडवून ठिवली व्हती व्हय?” जैतुनबी माझ्याकडे वळल्या. पन्नाशीला आलेली ती बाई एकदम पोरीसारखी दिसायला लागली. “तुमाला म्हनून सांगते. हा मानूस पत्रिकांचा गठ्ठा घिऊन दुकानात आला त्या सांजेला. गठ्ठा ठिवला आनी जाईना. बस म्हनलं तर बसंना. अब्बांनी इचारलं, काय पायजे? तर म्हनतो, भनीला बांगड्या. डझनभर बांगड्या घेतल्या. भनीच्या हाताचं माप इचारलं तर सांगता येईना. म्या पानी घिऊन आले तर माज्याकडं बघून डोळं भरून आलं ह्यांचं. हे गेल्यावर अब्बा म्हनाले, पोरगं कायतरी बोलायला आलं व्हतं. म्या समजले की.” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “माजं लगीन दुसरीकडं ठरलंय म्हनून. त्ये सांगायला आलं व्हतं आनी जीभ उचलली न्हाई. पुडं मागनी आली तवा म्या लगीच व्हय म्हनलं, ते त्यापायीच. आनी बघा, पत्रिका बी जपून ठिवली.”

मला तो कागद पिशवीत घालून तिथून उठावंसं वाटलं. खरंच वाटलं. नाव पाकिटात बंद करता येत होतं, कागद पुण्याला नेता येत होता, आणि जैतुनबींना तिथं बसून तीच गोष्ट आणखी तीस वर्षं सांगता आली असती. दस्तगीरभाईंनी गप्प राहावं अशी मी मनातल्या मनात त्यांना विनवणी करत होते. जहर खात्यातली मी, जिला सगळं नोंदवलं जावं असं वाटतं, ती.

“जैतुन,” दस्तगीरभाई म्हणाले. “उलटून बघ.”

जैतुनबींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उलटला.

त्या हळू वाचत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पत्रक अर्ध्या मिनिटात वाचलं होतं. त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मधेच एकदा त्यांनी मोठ्यानं “बाबूलाल” असं वाचलं आणि पुन्हा गप्प झाल्या. घरात ते दोघं एरवी दखनी बोलत असावेत. पण त्या दुपारी पुढचं सगळं मराठीतच झालं, मला साक्षीला धरल्यासारखं.

“कुनी जुळवलं?”

“मी.”

“कवा?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

“म्हंजी सांजेला दुकानात आलासा तवा तुमाला ठावं व्हतं.”

“होतं.”

“आनी त्येच सांगायला आला व्हता.”

“हो.” दस्तगीरभाईंनी चटईचा धागा सोडला. “सांगितलं असतं तर चाचांनी रातोरात माल हलवला असता. तुम्हा सगळ्यांना घेऊन मिरजेला गेले असते. मी तोंड उघडलं नाही. बांगड्या घेतल्या.”

जैतुनबींनी कागद मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटत होतं. तो मला सोसला असता. त्या फक्त थकल्यासारख्या दिसत होत्या, जत्रेहून चालत आलेल्या माणसासारख्या.

“अब्बांना धा वर्सं तुमी आपल्या हातानं घास भरवला,” त्या म्हणाल्या. “गल्लीत लोक म्हनायचे, जावई असावा तर असा. त्ये ह्यापायी व्हय?”

“आधी यापायी. मग सवय झाली. मग ते माझेच अब्बा झाले.”

“आनी मागनी? ती बी ह्यापायीच?”

ते वहीची पानं सारखी करू लागले.

“बोला की. म्या तीस वर्सं येक धरून बसले. दुकानात आलासा, डोळं भरलं, त्ये माज्यापायी का ह्या कागदापायी? आधी कंचं?”

दस्तगीरभाईंनी त्यांच्या मांडीवरचा कागद घेतला. गुलाबी बाजू वर केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं जैतुनबींच्या नावाशेजारी मिरजेच्या त्या मुलाचं नाव होतं.

“हे नाव तुझ्या नावाशेजारी लावताना माझ्या हातून खिळे तीनदा सांडले,” ते म्हणाले. “तात्या ओरडले. त्याआधी सहा वर्षांत माझ्या हातून खिळा पडला नव्हता.” मग त्यांनी कागद पुन्हा जैतुनबींसमोर ठेवला. “पत्रिका सकाळी जुळवली, जैतुन. पत्रक दुपारी.”

जैतुनबी उठल्या आणि परसात गेल्या. मोरीत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. दस्तगीरभाई भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला रडू येत होतं आणि त्या घरात रडायचा मला हक्क नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदर खोचलेला होता.

“तुमी ह्ये घिऊन काय करनार?” त्यांनी मला विचारलं.

मी पाठ असलेलं सांगायला लागले. संशोधन, पुढच्या पिढ्या, पुरावा. मधेच मला माझाच कंटाळा आला. “ज्यांनी हे काढलं ते म्हणतात की असा कागद निघालाच नव्हता,” मी म्हणाले. “म्हणून.”

“माजे अब्बा मरस्तवर सांगत व्हते,” जैतुनबी म्हणाल्या. “कागद निघाला व्हता, माझं नाव व्हतं त्यात, म्या बाजारात वाचला. कुनी मानलं न्हाई. पंच म्हनाले, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय. मागनं मागनं मला बी तसंच वाटाय लागलं.” त्यांनी पुन्हा पत्रिकेवर हात ठेवला. “पर ही बी तुमी नेनार. माजी येकच हाय.”

“एकच कागद आहे, जैतुनबी. वेगळा करता येत नाही.”

“त्ये दिसतंय मला.”

त्यांनी विचार केला. मग माझ्या नोंदवहीकडे बोट केलं. “ह्यात काय लिवता?”

“कागद कोणी दिला त्याचं नाव. हवं असेल तर पाकिटात बंद ठेवतो.”

“पाकीट नगं. पत्रिका माज्या अब्बांनी करून घेतली. म्हंजी देनारी म्या. माजं नाव लिवा, अब्बांचं बी लिवा.”

मी शिसपेन्सिलीनं लिहिलं: ‘देणार: जैतुनबी दस्तगीर पिंजारी, बाबूलाल मणेर यांची कन्या.’

“आणि माझं?” दस्तगीरभाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

आमच्या वहीत लेखक, मुद्रक, ठिकाण, साल असे रकाने होते. अक्षरं जुळवणाऱ्याचा रकाना नव्हता. मी जैतुनबींकडे पाहिलं.

“लिवा की,” त्या म्हणाल्या. “दोनी बाजू त्येंनीच जुळवल्यात.”

मी तसंच लिहिलं. ‘जुळारी, दोन्ही बाजू: दस्तगीर पिंजारी.’ दस्तगीरभाईंनी वही ओढून घेतली, चष्मा नाकावर सरकवला आणि ती ओळ तपासली. मग मान हलवली.

“आनी येक,” जैतुनबी म्हणाल्या. “पेटीत ठिवशीला तवा ही बाजू वर. ज्याला तो मजकूर वाचायचाय, त्यानं आदी माजी पत्रिका वाचायची.”

“ठेवीन.”

“असं न्हाई. कबूल करा.”

“कबूल.”

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “रिकाम्या हातानं आलासा, तशाच जानार व्हय?” त्यांनी माप विचारलं नाही, नुसतं बघून त्या ‘दोन-चार’ असं माप पुटपुटल्या आणि पाटीतून हिरव्या बांगड्या काढल्या. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावर दाबून त्या एकेक बांगडी चढवत गेल्या. एकही टिचली नाही. हे जे चाललं होतं तेच करू नका असं त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, हे त्यांच्याही डोक्यात असणार. भरून झाल्यावर, आमच्याकडे रीत आहे तशी, मी वाकून त्यांना नमस्कार केला. लहानपणी आईनं ढकलल्याशिवाय मी तो कधी केला नव्हता.

दारात दस्तगीरभाईंनी कडी काढली. जैतुनबी आतून त्यांना म्हणाल्या, “बाईंना ष्ट्यांडपतुर सोडून या. आनी लवकर या, जेवला न्हाईसा अजून.” दस्तगीरभाईंना चप्पल सापडेना. दोन्ही पायांतच होत्या.

पुण्याला आल्यावर मी पत्रिकेच्या बाजूचा एक छान फोटो करवून घेतला आणि हिरणपेठेला पाठवला. आठवड्यानं कार्ड आलं, तेच छापल्यासारखं अक्षर. ‘पत्रिका मिळाली. मंडळी म्हणते, मागची बाजूही पाठवावी. अर्धे कशाला?’ मी तीही पाठवली.

आता दोघंही नाहीत. मीही निवृत्तीला आले आहे. आजगावकर सरांच्या वहीत मी तेव्हा जुळाऱ्याचा एक रकाना वाढवला होता, तो अजून आहे, आणि तो भरायला माणसं शोधता शोधता माझी निम्मी नोकरी गेली. हिरणपेठेच्या त्या पत्रकावर तीन प्रबंध झाले. असा कागद निघालाच नव्हता, असं आता कोणी म्हणत नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. हुशार, घाईची, मी होते तशी. तिनं तो नंबर मागवला. पेटी उघडली आणि दोन मिनिटांत माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, चुकीचा कागद आलाय. मला रणभेरी मंडळाचं पत्रक हवं होतं. ही कोणाची तरी लग्नपत्रिका आहे.”

“तेच आहे,” मी म्हणाले. “आधी वाचा. मग उलटा.”